बानाच्या दारातला बांध

सुपारीच्या दिवशी सकाळीच मोरी तुंबली.

तुंबली म्हणजे नेहमीसारखी नव्हे. एरवी सुगंधाबाई खराट्याची काडी घालून दोनदा ढोसायची, दोन शिव्या द्यायची, आणि पाणी गुडगुड करत निघून जायचं. आज काडी घातली तर पाणी उलट वर आलं. आधी मोरीच्या दगडावर, मग उंबऱ्यापाशी, आणि चहाचं आधण ठेवेस्तोवर पार अंगणात. काल तिनं अंगण सारवून रांगोळीपुरती जागा राखून ठेवली होती. पाणी नेमकं तिथंच जाऊन बसलं, जसं काही त्यालाच पाट मांडला होता. वर शिकेकाईचा फेस तरंगत होता. धाकटी लेक आवडी पहाटे न्हाली होती. लग्नाची सुपारी तिचीच होती, आत्याच्या धाकट्या पोराशी.

"आये, आता गं?" केस पिळत आवडी दारात उभी राहिली. "आत्याची गाडी लासूरला आली आसंल. ती नाक धरूनच बसंल इथं."

"तुझ्या आत्यानं जलमभर मेंढरं हाकली. तिला वासाचं काय सांगतीस? नाक धरत्याल ते तुझे आबा."

आबा, म्हणजे मल्हारराव, अर्धा पटका डोक्याला आणि अर्धा हातात अशा थाटात बाहेर आले. बोरदऱ्याचे सरपंच. दगडाबाई त्यांची थोरली बहीण. तीन वर्षांचा अबोला मोडून ती आज दारात येणार होती, आणि दारात ही तऱ्हा.

"त्रिंबक!" त्यांनी हाक मारली.

त्रिंबक त्यांचा धाकटा भाऊ. गावाला पाणी सोडायची चावी त्याच्या हातात. चावी म्हणजे कमरेएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. ती खड्ड्यात घालून फिरवली की एका गल्लीचं पाणी सुटतं आणि दुसरीचं बंद होतं. सुगंधाबाई लग्न होऊन आली तेव्हा हा भावजी नाकातून शेंबूड ओढत तिच्या पदराला लोंबकळायचा. आता सगळं गाव त्याला लोंबकळत होतं. तो चावी खांद्यावर टाकूनच आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"दादा, तुंबलं नाय. कुनीतरी बांधलंय."

"कुनी?"

त्रिंबकनं भावाकडं न बघता वहिनीकडं बघितलं. 

"खालच्या गल्लीच्या तोंडाला बांध घातलाय. दगड, चिखल, अन् वरून लेंडीखत ठोकून. मेंढक्याचं काम हाय. थेंब जाऊ देत नाय."

"कडूबा का?"

"कडूबा मेंढरं घिऊन डोंगरात हाय. चार रोज झाले."

मग घरात उरलं कोण, हे कुणी बोललं नाही. मल्हाररावांनी पटक्याचा उरलेला वेढा इतका आवळला की कपाळाला आठी पडली.

"म्हंजी तिनं."

थोरल्या लेकीचं नाव त्यांनी तीन वर्षांत घेतलं नव्हतं. बाना म्हणायचं नाही, 'ती' म्हणायचं. पूर्वी ते बायकोला 'बानाची माय' अशी हाक मारत. बाना कडूबाबरोबर लग्न लावून खालच्या गल्लीत गेली, त्या दिवसापासून सुगंधाबाई 'आवडीची माय' झाली. तिला कुणी विचारलं नाही. नाव बदलायला जसं सरकारी माणसाला कळवावं लागतं, तसं बायकोला कळवावं लागत नाही.

बाना दगडाबाईच्या थोरल्या पोराला द्यायची, हे ती पाळण्यात असतानाच ठरलेलं. भाच्याचा मामाच्या लेकीवर हक्क. आणि ही गेली कुठं, तर मेंढक्याच्या घरी. जातभाईच, पण बिघाभर रान नाही. पाठीवर घोंगडी आणि पुढं मेंढरं. मल्हाररावांच्या बापाची हीच रीत. पण मल्हाररावांनी घोंगडी टाकून पटका बांधला होता, आणि लेकीनं तीच घोंगडी पुन्हा पांघरली. याचा राग त्यांना जास्त, की शब्द मोडल्याचा, हे सुगंधाबाईला अजून उलगडलं नव्हतं.

"चार गडी घे," मल्हारराव म्हणाले, "अन् पाव्हणे यायच्या आत बांध फोडून ये."

"बाईमानूस उभी हाय तिथं, दादा."

"मंग?"

"हातात फावडं हाय म्हनून सांगितलं."

सुगंधाबाईला हसू आलं. ते तिनं पदरात घेतलं.

गावात पाणी मल्हाररावांनी आणलं, हे खोटं नव्हतं. नदीत विहीर खणली, टेकडीवर टाकी बांधली, दारोदार नळ दिले. पहिल्या दिवशी नळाला हळदकुंकू लावून बायकांनी ओवाळलं होतं. पण आलेलं पाणी जाणार कुठं, याचा विचार कुणीच केला नव्हता. आडावरून दोन घागरी आणायच्या तेव्हा माणूस चूळ भरतानाही हिशोबानं भरायचं. नळ आला आणि घराघरातून ओढे निघाले.

मग गटार मंजूर झालं. तिथं सगळ्या गावानं मिळून जी चूक केली ती बोरदऱ्यानंच करावी. गटार खालून वर बांधत आणायचं असतं, नाल्याकडून घराकडं. यांनी वरून सुरुवात केली. सरपंचाच्या दारात नारळ फुटला, वरच्या गल्लीत सिमेंटचं देखणं गटार झालं, आणि खालच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ते हवेत थांबलं. पायाच्या आधी कळस बसवल्यासारखं. पुढं नाल्यापर्यंत न्यायचं तर कडूबाच्या मेंढवाड्यातून न्यावं लागणार होतं. दुसरा उतारच नव्हता. म्हणजे कडूबाला विचारावं लागणार. आणि कडूबाशी बोलायचं म्हणजे जावई म्हणावं लागणार. सगळं पक्कं गटार एका बोलण्यापायी दोन वर्षं अडलं होतं. तोवर वरच्या गल्लीचं पाणी कच्च्या चारीनं बानाच्या दारावरून वाहत होतं.

सुगंधाबाईला हे ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्यावर ती जगत होती.

आड होता तोवर बरं होतं. आड खालच्या गल्लीत. पाण्याला जायचं आणि बानाला बघायचं. एकमेकींशी बोलायची बंदी होती, पण दोर ओढायला हात लावायची नव्हती. पोटुशी बाना घागर उचलायची तेव्हा ती मुकाट्यानं खालून आधार द्यायची. मग घरात नळ आला, आणि सरपंचाच्या बायकोला खालच्या गल्लीत जायला कारणच उरलं नाही. सगळ्या गावाला नळानं सुख दिलं. हिची तेवढी वाट बुजवली.

एकदा खालच्या गल्लीतली सरूबाई लाकूडफाटा द्यायला आली आणि सहज म्हणाली, "तुमची बाना म्हनत व्हती, आज आयनं पुरनाचं घातलंय. चारीला कटाचा वास येऊ लागला म्हनं."

त्या दिवशी सुगंधाबाई मोरीपाशी किती वेळ बसून राहिली. मग तिनं सुरू केलं. सणाला मूठभर हळद जास्त पडायची मोरीत. देव्हाऱ्यातला शिळा झेंडू उकिरड्यावर न जाता मोरीत जायचा. दिवाळीचं उटणं लावून झालं की वाटीच्या तळचं ती बोटानं निपटून मोरीत धुवायची. दुसरी माय लेकीला डबा पाठवते. हिनं मोरी पाठवली. आणि तिच्या मनाला वाटायचं, पोचतंय.

"आवं वैनी, बिऱ्हाड केलं का काय तळ्याकाठी?"

दगडाबाई आली होती. लासूरहून बैलगाडीत, धाकट्या पोराला आणि चार पाव्हण्यांना मारुतीच्या पारावर बसवून ती एकटीच पुढं आली. नऊवारीचा काष्टा वर खोचून ती सरळ पाण्यातून चालत ओट्यावर चढली आणि पाय झटकले.

"तीन सालानं आले, मल्हारी. पाय धुवायला तांब्या देत्यात, तू हौद केलास."

"आक्का, बस तू. आत्ता निघंल पानी."

"कशानं तुंबलं?"

मल्हारराव पटका चाचपायला लागले. आवडीच बोलली. "बानातायनं बांध घातला."

मल्हाररावांनी लेकीकडं असं बघितलं की ती आत पळाली. पण नाव घरात पडलं होतं, आता उचलता येत नव्हतं.

"आसं," दगडाबाई म्हणाली. कमरेची चंची काढून तिनं सावकाश पान लावलं. "काहून घातला?"

"खोड. दुसरं काय?" मल्हारराव म्हणाले. "बहिनीची सुपारी तिला बघवंना."

"खोड नाय, दादा." त्रिंबक खांद्यावरची चावी खाली टेकवून म्हणाला. "पोरगी आजारी हाय तिची. सात-आठ दिस झाले, हगवन लागलीय. गल्लीत अजून तीन लेकरं पडलीत. खालचा नळ त्याच चारीखालून जातो. मी चावी बंद केली की नळ रिकामा व्हतो, अन् रिकामा नळ सांध्यातून चारीचं पानी ओढून घेतो. दुसऱ्या दिशी चावी सोडली की तेच पह्यलं घागरीत. मी तुमाला दोनदा सांगितलं व्हतं. तुमी म्हनले, गटार पक्कं झालं की मिटंल."

सुगंधाबाई चहाची बशी हातात धरून ऐकत होती. हळद, झेंडू, उटणं. तिला वाटायचं, पोचतंय. पोचलं होतं. सगळ्या वरच्या गल्लीच्या घाणीबरोबर हातात हात घालून, नातीच्या पोटापर्यंत पोचलं होतं.

"मला काहून नाय सांगितलं, भावजी?"

"तुमी काय करनार व्हत्या, वैनी?"

प्रश्न वाकडा नव्हता. म्हणूनच लागला.

दगडाबाई पान गालात सारून भावाकडं वळली. "रझाकारांच्या साली आपून दऱ्यात लपलो व्हतो, ध्यानात हाय? मेंढरं अन् मानसं एकाच डबक्यावर. आय पदरानं गाळून पाजायची आपल्याला. आधी आपल्याला, मंग मेंढराला, मंग सोता. तिचं पोरगं सरपंच झालं, अन् त्याच्या राज्यात लेकरं गटार पितेत."

"तुझ्याच पायी तोडली तिला!" मल्हारराव उसळले. "तुला दिलेला शबूद मोडला तिनं. तुझ्या पोराची इज्जत—"

"माझ्या पोराची इज्जत कवाच दुसरं लगीन बघून मोकळी झाली. दोन लेकरं हायेत त्याला. बायकोनं जरबंत ठिवलंय, सुखात हाय. मी राग सोडून साल झालं, मल्हारी. तुझ्याच दारी अजून का बांधून ठिवलाय माझा राग? चारा तरी घालतू का त्याला?"

त्रिंबकनं खोकल्याचं निमित्त केलं. मल्हाररावांनी मान फिरवली. ते अंगणातल्या पाण्याकडं बघत राहिले. पाणी आता तुळशीच्या कट्ट्याला टेकलं होतं. गल्लीतल्या घराघरातून भांडी घासल्याचा, न्हाल्या-धुतल्याचा आवाज येत होता, आणि ते सगळं इथंच येऊन थांबणार होतं.

सुगंधाबाईनं बशी खाली ठेवली.

"भावजी, चावी बंद करा."

"खालची बंदच हाय, वैनी."

"वरली. आपल्या गल्लीची."

"आज? सुपारी हाय घरात. पाव्हणे पारावर बसलेत."

"म्हनूनच. आज केली नाय तर कव्हाच व्हनार नाय."

"त्रिंबक," मल्हाररावांचा आवाज खाली आला. तो खाली आला की घर गप्प व्हायचं. "चावीला हात लावशील तर बघ. हुकूम माझा चालतो."

त्रिंबक दोघांच्या मधे उभा. एकीकडं ज्यानं नोकरी दिली तो भाऊ, दुसरीकडं जिनं नाक पुसलं ती वहिनी. तो दगडाबाईकडं वळला. लहानपणापासून भांडण तिच्यापर्यंत गेलं की मिटायचं.

"पाव्हनी मी हाय ना आजची?" दगडाबाई म्हणाली. "मंग पाव्हनीचं ऐका. मला या घरचं पानी नगं. जा रे तिरमका."

त्रिंबक गेला. जरा वेळानं न्हाणीतल्या नळानं दोन उचक्या दिल्या आणि तो गप्प झाला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. वरच्या गल्लीत एकेक बाई "आगं, पानी गेलं का गं?" म्हणत दारात यायला लागली, आणि सुगंधाबाई डोक्यावर पदर घेऊन त्या सगळ्यांच्या समोरून उतार उतरायला लागली. कुणी विचारलं, "कुठं वो?" तर तिनं फक्त हातानं खाली दाखवलं.

सिमेंटचं गटार जिथं संपतं तिथं बाना गुडघाभर चिखलात उभी होती. फावड्याच्या पाठीनं बांध चोपत होती. वाळली होती पोर. दंड मात्र तेच, घागर उचलणारे.

"बाना."

"थांब तितंच." तिनं वर बघितलं नाही. "चिखलात येऊ नको, नवं लुगडं हाय."

"तुला कसं ठावं, नवं हाय का जुनं?"

"सकाळी शिकेकाई आली. काल हळद आली, लई आली. आवडीची सुपारी हाय हे मला गटारानं सांगितलं, आये. तुमच्यातल्या मानसानं नाय."

सुगंधाबाई एक पाऊल पुढं सरकली. "मी... मुद्दाम टाकायचे गं."

"ठाव हाय."

"झेंडू, उटनं—"

"ठाव हाय म्हनलं ना. झेंडू मी काठीनं वढून घ्यायचे. लोकं हसायचे, बाई गटारातून फुलं येचती." बानाचा हात थांबला. "मंग हौसा बी येचायला लागली. मी तिला मारलं तवा. तरी जायची. आजीची फुलं म्हनून मीच शिकवलं व्हतं ना तिला."

दोघी बांधाच्या दोन बाजूंना उभ्या. मधे काळं पाणी, हळूहळू चढायचं थांबलेलं.

"चावी बंद केली," सुगंधाबाई म्हणाली. "वरल्या गल्लीची."

"किती येळ?"

"खालचं गटार व्हईस्तोवर."

"आबांनी सांगितलं?"

"नाय. मी."

तेव्हा कुठं बानानं वर बघितलं.  मग फावडं टेकवून हात पुढं केला, आणि सुगंधाबाई नव्या लुगड्यानिशी चिखलात उतरली आणि बांध ओलांडून पलीकडं गेली.

घर म्हणजे एकच खोली. हौसा घोंगडीवर पडली होती; डोळे खोल गेलेले, ओठांना मीठसाखरेच्या पाण्याची पांढरी कड. लासूरच्या डॉक्टरनं ते पाजायला सांगितलं होतं, आणि प्यायचं पाणी उकळून घ्यायला. काल रातीपासून उतार होता, बाना म्हणाली. सुगंधाबाई उकिडवी बसली. पोरीच्या कपाळाला हात लावायला नेला, आणि तो हात मोरीतल्या काडीचा आहे हे आठवून मागं घेतला.

"ही कोन?" हौसानं आईला विचारलं.

बाना चुलीपाशी होती. "वरली," ती म्हणाली.

शिवी दिली असती तरी चाललं असतं. सुगंधाबाई मान खाली घालून बसली. वरली. पाणी जिथून येतं ती.

बानानं तांब्या पुढं केला. "उकळलंय. घे."

लेकीला मूलबाळ होईस्तोवर तिच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही, ही या घराची रीत. आणि लेकरू झाल्यावर जो पहिला घोट घेतात, तो नातवंड मानल्याचा. सुगंधाबाईनं हात धुऊन घेतले, तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तो रिता होईस्तोवर खाली ठेवला नाही. कोमट होतं, धुराचा वास होता. तीन वर्षांची तहान एका तांब्यानं भागत नाही, पण घसा ओला झाला. मग तिनं नातीच्या कपाळाला हात लावला. हौसानं तो काढला नाही.

बाहेर कुणीतरी खाकरलं.

मल्हारराव बांधाच्या वरच्या अंगाला उभे होते. धोतराचा सोगा हातात. मागं उतारावर वरच्या गल्लीची माणसं गोळा झालेली, कुणाच्या हातात रिकामी बादली, कुणाच्या तोंडाला अजून साबण. दगडाबाई त्यांच्यात कमरेवर हात ठेवून, भावाला ढकलून आणल्यासारखी.

त्यांनी लेकीकडं बघितलं नाही. बांधाकडं बघितलं. वाकून एक दगड हलवून पाहिला, हलला नाही.

"बांध झ्याक घातलाय," ते बांधालाच म्हणाले.

"मेंढक्याची लेक हाय मी," बाना दारातून म्हणाली.

मागं कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मल्हाररावांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "गटार मेंढवाड्यातून न्यावं लागतंय."

"दोन सालापासून लागतंय."

"कडूबाला इचारावं लागंल."

"ते डोंगरात हायेत. मेंढवाडा माझा बी हाय. मला इचारा."

विचारणं म्हणजे काय, सरपंचाला चांगलं ठाऊक होतं. ते बांध ओलांडून पलीकडं आले. एक पाऊल घसरलं, सावरलं. दारापासून चार हातांवर उभे राहिले. तिथून आत घोंगडी दिसत होती आणि घोंगडीवरचे दोन मोठे डोळे. त्यांनी एकदा बघितलं आणि नजर चौकटीवर नेऊन ठेवली.

बानानं तांब्या भरून आणला आणि बापाच्या हातात दिला.  'उकळलंय' एवढंही म्हणाली नाही.

मल्हाररावांनी तांब्या धरून ठेवला. सुगंधाबाई दाराच्या चौकटीशी आली. पटका बांधलेल्या माणसाला मान मागं टाकून पाणी पिणं अवघड जात असेल, असं तिला उगाच वाटलं. गल्लीची गल्ली बघत होती. त्यांनी तांब्या वर उचलला. ओठापर्यंत नेला नाही. छातीपाशी थांबवला, मग हळूच तिरपा करून पायावर ओतला. आधी उजव्या, मग डाव्या. चिखल धुऊन गेला, टाचांच्या भेगा दिसल्या.

तांब्या रिकामा झाला. पाय धुतलेला माणूस आत येतो. नाहीतर पाय धुवायचेच कशाला? पण मल्हारराव आत आले नाहीत आणि वरही गेले नाहीत. ओल्या पायांनी तिथंच उभे राहिले, रिकामा तांब्या हातात घेऊन, चुकून दुसऱ्याच्या दारात आलेल्या माणसासारखे.

सुगंधाबाईच्या तोंडाशी आलं, आवं या ना. तिनं ते गिळलं. हे दार तिचं नव्हतं.

बानानं बापाच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"आबा," ती म्हणाली, "ऊन लई हाय. पाय वाळायच्या आत काय ते ठरवा."